तांबड्या पाठीचा बेडूक आणि बिननावाचा पाला

आमच्या तांबडीच्या मुतात रक्त आलेलं आईनं सगळ्यांत आधी पाहिलं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, उन्हाचं असेल. चैत्र सरत आला होता, डोंगर नुसता तापला होता. तिनं गाईला धण्याचं पाणी पाजलं, ताकात जिरं घालून पाजलं. पण पुढं पुढं गोठ्यातली जमीनच लाल दिसायला लागली, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "अवो, जरा बघता का हिला? माझं काय चालंना आता."

आमची वाडी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याच्या वर होती. कापडे गाव मागं पडलं की आंबेनळी घाटाच्या अंगाला एक पायवाट फुटते, तिनं चढून जावं लागायचं. घरं थोडी, सगळी एका भावकीतली. खाली भाताची खाचरं, त्यांच्या वर नाचणी-वरीचे तुकडे, आणि सगळ्यांच्या वर चरणीचा माळ. भात वर्षभर पुरायचा नाही. घरं चालायची ती गुरांवर. दूध खाली रस्त्यावरच्या हॉटेलांत जायचं, शेण शेतात, आणि बैल नसले तर खाचरात पाय ठेवायचाही उपयोग नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी महाडला मावशीकडे राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा संपवून घरी आले तेव्हा गोठ्यात शिरल्या शिरल्या मला वास आला. शेणाचा नाही, दुधाचा नाही; गंजलेल्या पत्र्यासारखा. तांबडी उभी होती, पण मान खाली टाकून. माझी चाहूल लागली की ती कान हलवायची, यावेळी हलवले नाहीत. तिची कालवड शेजारी बांधलेली होती, ती तेवढी दावं ताणून माझा हात चाटायला धडपडत होती.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कोन मोजतंय," आई म्हणाली. "तुझ्या काकाचा एक बैल तर गेला पन. नाकातनं रगत आलं नि आडवा झाला."

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांची खिल्लारी जोडी सबंध वाडीत नावाजलेली. दुसऱ्यांची शेतं नांगरून द्यायलाही ती जोडी जायची. त्यातला एक गेल्यापासून काका जेवत नव्हते, असं काकी म्हणाली. ते दिवसभर दुसऱ्या बैलाच्या मागं बसून असायचे. बैल मुतला की उठून वाकून बघायचे. सगळ्या वाडीतच तेव्हा हे चाललं होतं. बायका भाकऱ्या थापता थापता उठून गोठ्यात डोकावून यायच्या. कुणी कुणाला भेटलं की "काय, कसं काय" म्हणायच्या ऐवजी "लाल का पिवळं?" असं विचारायचं. हसू कुणाला येत नव्हतं.

पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बिचारे तो चढ चढून आले होते. त्यांनी गुरं तपासली, गोचिडी काढायला लावल्या, गोचीडतापाची इंजेक्शनं दिली. लाल मुतायला लागलेल्या गुरांना बहुतेक वेळा तोच ताप असतो, असं त्यांनी सांगितलं. इंजेक्शनांनी कुणाला उतार पडला नाही. ते पुन्हा आले, तांबडीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"रक्तच राहिलं नाहीये हिच्यात," ते बाबांना म्हणाले. "ताप नाहीये. गोचीड नाहीये. मला कळत नाहीये, खरं सांगतो."

त्यांनी खरं सांगितलं म्हणून बाबांना त्यांचा राग आला नाही. पण ते गेल्यावर बाबा उंबऱ्यावर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. डॉक्टरला कळत नाही म्हटल्यावर मग दुसरं कुणीतरी कारण शोधणारच. ते काकांनी शोधलं.

वाडीला पाणी एकाच झऱ्याचं. खडकातून झिरपायचं, खाली दगडात खोदलेल्या टाक्यात साठायचं. ते आमचं प्यायचं पाणी. टाक्यातून सांडलेलं पाणी खालच्या डबक्यात जायचं, तिथं गुरं पाणी प्यायची. त्या वर्षी बाकी सगळी ओल आटली होती, त्यामुळे डोंगरातले होते नव्हते तेवढे बेडूक त्या झऱ्याच्या आसऱ्याला आले होते. त्यांत एक जात तांबड्या पाठीची. पाठ शेंदरासारखी, बाजू काळ्या कुळकुळीत, जणू कुणी रंगवून सोडलेत. एरवी ते पावसात दिसायचे आणि कुणी लक्ष द्यायचं नाही. आता दगडाच्या प्रत्येक कपारीत दोन-दोन बसलेले. काकांनी पाहिलं होतं, मरायच्या आधी बैलानं डबक्यात तोंड घातलं तेव्हा तसला एक बेडूक त्याच्या नाकाडावरून उडी मारून गेला होता.

त्याच सुमारास काकांचा मुलगा मुंबईहून सुट्टीला आला होता. तिकडं त्याच्या खोलीत केबल होती. तो म्हणाला, "मी टीव्हीवर बघितलंय ना! एकदम डेंजर असतात असले कलरवाले. जंगली लोक त्यांचं पॉयझन बाणाला लावतात. नुसता टच झाला तरी खतम."

झालं. त्या दिवसापासून वाडीत दुसरं बोलणं राहिलं नाही.

सगळे पारावर बसले होते तेव्हा मी म्हटलं, "काका, ते टीव्हीतले बेडूक इथले नाहीत. ते दक्षिण अमेरिकेत असतात. समुद्रापलीकडं."

"रंग तर तोच हाय," काका म्हणाले.

"रंग सारखा असला म्हणून जात एक नसते."

"मंग आमच्या बेडकात इष नाय, हे तू छातीवर हात ठेवून सांग. सांगतंस?"

आमच्या पुस्तकात बेडूक होता तो चिरायचा बेडूक; त्याचं हृदय कुठं, जठर कुठं एवढंच मला येत होतं.

"मी महाडला जाते," मी म्हटलं. "कॉलेजातल्या सरांना दाखवते. परवापर्यंत येते. तोवर काही करू नका."

काकांनी मान हलवली. "ये. पन लवकर ये गो पोरी. माझा ह्यो दुसरा बैल पन चालला."

सकाळी बाबांनी फडक्यानं धरून एक बेडूक पकडला. आईनं लोणच्याची काचेची बरणी रिकामी करून धुतली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. बेडूक वाटेत सुकू नये म्हणून ती परसात गेली आणि मूठभर हिरवा पाला आणून पाण्यात बुडवून बरणीत कोंबला. गोठ्यात गुरांच्या खाली अंथरायला बाबा वरच्या माळावरून तो पाला कापून आणायचे. कंगव्यासारखी पानं, शेंडे मुठीसारखे आत वळलेले. त्याला आमच्याकडे नाव नव्हतं. फूल नाही, फळ नाही, भाजीला येत नाही. त्याला नाव देण्याची कुणाला गरज पडली नव्हती.

"हात लावू नकोस गो त्याला," आई म्हणाली. ती बेडकाबद्दल बोलत होती.

कॉलेजला सुट्टी होती, पण सर पेपर तपासायला प्रयोगशाळेत येऊन बसायचे. समोरच्या टेबलावर वनस्पतीशास्त्राच्या मॅडम त्यांचे गठ्ठे घेऊन बसल्या होत्या. मी बरणी सरांच्या पुढ्यात ठेवली आणि रडायला लागले. मला रडायचं नव्हतं. सरांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून चित्र दाखवलं. पिवळाधमक बेडूक, अंगठ्याएवढा, पानावर बसलेला.

"हा तुझ्या भावानं टीव्हीवर पाहिलेला," सर म्हणाले. "हा खरोखर विषारी. याच्या कातडीतच विष असतं. पण गंमत अशी, की ते विष तो स्वतः तयार करत नाही. तिथल्या जंगलातल्या मुंग्या, किडे खातो, त्यांच्यातलं विष याच्या अंगात साठतं. याला काचेच्या पेटीत ठेवून साध्या माश्यांवर वाढवला, तर हा आपल्या घरातल्या पालीइतका निरुपद्रवी."

"मग आमचा?"

सरांनी बरणी उचलून उजेडात धरली. "हा वेगळ्या कुळातला. कोकणात सगळीकडे सापडतो. याच्याही अंगावर चिकट पाणी सुटतं, हाताला लागलं तर थोडी खाज येईल. पण यानं बैल मरणार नाही. आणि लघवीतून रक्त तर नाहीच नाही. बेडकाचं विष असतं तर जनावर तिथल्या तिथं कोसळलं असतं. असं दिवसेंदिवस झिजून मरत नाही."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बेडूक नाही, तर मग काय? मी नुसती बरणीकडे बघत राहिले.

मॅडम उठून आल्या होत्या. त्या बेडकाकडे बघत नव्हत्या. त्यांनी झाकण उघडून, बेडूक सांभाळत, पाल्याचा एक तुकडा बाहेर ओढला, उलटा केला, पानाची आत दुमडलेली कड नखानं उलगडून पाहिली.

"हे तू कुठून आणलंस?"

"आमच्याकडेच आहे. माळावर."

"किती आहे?"

"सगळा माळ भरलाय, मॅडम. दोन वर्षांपूर्वी वणवा गेला तेव्हापासून. आधी तिथं गवत होतं."

"आणि गुरं तिथं चरतात?"

"दुसरीकडं कुठं जाणार? सगळं जळालेलं, वाळलेलं. हिरवं तेवढंच आहे."

मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. त्यांचा आवाज हळू झाला. "हा नेचा आहे. याची मुळं जमिनीत खोल आडवी पसरतात, त्यामुळे आगीत वरचं सगळं जळून गेलं तरी हा पहिला उगवून येतो. कोवळे कोंब सगळ्यांत विषारी. थंड डोंगराळ भागात गुरं हा खातात आणि त्यांच्या मूत्राशयाच्या आत जखमा होतात, गाठी येतात, असं मी वाचलंय. रक्त त्यातून येतं. मी गुरांची डॉक्टर नाही, मी खात्रीनं सांगणार नाही. पण तुझ्या वाडीचं जे ऐकतेय, ते सगळं जुळतंय."

सर म्हणाले, "बघ, तो टीव्हीतला बेडूक विष अंगावर मिरवतो. तो रंग म्हणजे इशाराच असतो, मला खाऊ नका म्हणून. माकडं, साप, पक्षी सगळे त्याच्यापासून लांब राहतात. हा नेचा तसलं काही करत नाही. बाकीच्या झाडांसारखाच हिरवा. विष मात्र स्वतःचं स्वतः बनवतो, कुणाकडून घेत नाही. आणि घाई नाही त्याला. एका घासानं काहीच होत नाही. रोजच्या चरण्यानं होतं."

"मग औषध काय?" मी विचारलं.

मॅडमनी तो तुकडा टेबलावर ठेवला. "ज्यांना सुरू झालंय त्यांना नाही गं," त्या म्हणाल्या. "बाकीची लांब ठेवा. आणि दूध पिऊ नका. विष दुधातही उतरतं म्हणतात."

मी मावशीकडे जेवायलासुद्धा थांबले नाही. दुपारची एस.टी. मिळाली. पोलादपूरला उतरून आधी गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "नेचा! असेल बाई. हिमालयाकडच्या गुरांत होतं असं कॉलेजात शिकवलं होतं आम्हाला. इथं माझ्या डोक्यातच आलं नाही." उद्या येतो म्हणाले. पुढची गाडी धरून मी फाट्यावर उतरले आणि जवळजवळ पळतच चढ चढले. मला एवढंच कळत होतं की मला कारण माहीत झालंय. सांगितलं की सगळे गुरं बांधून घालतील. निदान कालवड वाचेल, काकांचा बैल वाचेल. त्या चढावर मला, कितीतरी दिवसांनी, जरा बरं वाटत होतं.

झऱ्याच्या वळणावर आले तेव्हा उग्र वास आला. भाताच्या किडीवर मारतात त्या पांढऱ्या पावडरीचा.

डबकं पांढुरकं झालं होतं. त्यावर बेडूक उलटे तरंगत होते, तांबड्या पाठी खाली आणि पांढरी पोटं वर. तांबडे होते, साधे होते, बारके बारके होते, खेकडे होते. वरच्या खडकाच्या कपारींत पावडर कोंबलेली होती, आणि झरा त्या कपारींतूनच ठिपकत होता. प्यायच्या टाक्यावर साय धरावी तसा पांढरा थर. बायका हंडे खाली ठेवून नुसत्या उभ्या होत्या.

काका एका दगडावर बसले होते. हात कोपरापर्यंत पांढरे.

"काका, मी सांगून गेले होते ना!"

"सकाळी ह्यो पन आडवा झाला," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "उठवला, उठला नाय. मंग मी काय करायचं हुतं? बसून ऱ्हायचं हुतं?"

मला राग आला होता, पण तो त्यांचा चेहरा बघून कुठल्या कुठं गेला. मी त्यांना बेडकाचं सांगितलं नाही तेव्हा. सांगून काय होणार होतं? माझ्या पिशवीत बरणी होती, तिच्यात एक जिवंत बेडूक होता, आणि आता तो सोडायचा तरी कुठं, असा वेडा प्रश्न मला पडला.

तेवढ्यात घराकडून आरडाओरडा ऐकू आला. काकीनं सकाळी, पावडर टाकायच्या वेळी, हंडा भरून नेला होता. आधी भरला की नंतर, तिलाही कळलं नव्हतं. ती दोन्ही हातांनी पोट धरून ओसरीवर आडवी झाली होती, तोंडाला फेस, डोळे वर. आई तिला मीठ-पाणी पाजत होती आणि ती ओकत होती. काका धावले आणि तिच्यापाशी जाऊन उभेच राहिले, हात लावेनात. हात पांढरे होते ना. बाबांनी त्यांच्यावर ओरडून त्यांना बाजूला केलं, घोंगडीची झोळी केली, आणि चौघांनी काकीला खाली नेलं. रस्त्यावर एक टेम्पोवाला थांबला. पोलादपूरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं, नंतर महाडला नेलं. मी बरोबर होते. काकी वाचली. पण तिच्या हातांना पुढं कायमची थरथर राहिली. चहाचा कप दोन्ही हातांत धरल्याशिवाय तिला उचलता यायचा नाही.

काकांचा बैल त्याच दिवशी गेला. आम्ही दवाखान्यात असताना.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत परतले, मागोमाग डॉक्टर आले. माळावर जाऊन त्यांनी नेचा पाहिला आणि सगळ्यांना पारावर बोलावून सांगितलं. मी शेजारी उभी होते. कुणी भांडलं नाही. मला वाटलं होतं, म्हणतील, पाल्यानं कुठं गुरं मरतात? कुणी तसंही म्हणालं नाही. सगळ्यांच्या तोंडावर नुसता थकवा.

बाबांनी विचारलं, "म्हंजे तो मी गोठ्यात अंथरत हुतो, तोच?"

"तोच," डॉक्टर म्हणाले.

"नि त्यो बेंडूक?"

"त्याचा काही संबंध नाही."

काका उठले आणि घरात गेले.

तेव्हापासून आमच्या वाडीत पाणीही नव्हतं आणि चाराही नव्हता. कारण कळलं होतं, तेच जास्त छळायचं. बायका पार खाली रस्त्याच्या कडेच्या ओढ्यातून पाणी आणायच्या. उन्हात तो चढ, डोक्यावर हंडा, आणि माणसांनी प्यायचं की गुरांना पाजायचं हा घरोघरी तंटा. गुरं बांधून घातली तर त्यांच्यापुढं टाकायला पेंढा संपलेला. ती उपाशी हंबरायची. वर माळ हिरवागार, डोळ्यांसमोर, आणि ती दावी तोडून तिकडं पळायची. लोक त्यांना काठीनं हाणून परत आणायचे आणि मग त्यांच्या गळ्यात पडून रडायचे. एका म्हातारीनं शेवटी आपली म्हैस सोडून दिली. म्हणाली, "उपाशी मरन्यापरीस खाऊन मरू दे."

आई तांबडीचं थोडंफार येत होतं ते दूध काढायची आणि गोठ्यामागं ओतून यायची. मी सांगितलं होतं म्हणून. एकदा ओतताना तिनं मला विचारलं, "गेली दोन वर्सं आमी पीतच हुतो की. तू पन प्यायलीस. मंग?"

"काही नाही होत गं आई. माणसांना एवढ्यानं होत नाही."

मला ते माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी बोलले, आणि तिनंही ते माझ्यासाठी मानलं असावं, कारण पुन्हा विचारलं नाही.

तांबडी बसली ती पुन्हा उठली नाही. कावळे येऊन तिच्या पाठीवर बसायला लागले तेव्हा आई तिच्याजवळ पदर फिरवत बसून राहायची. स्वयंपाक मी करायचे. आईनं गुळाचं पाणी बोटानं तिच्या जिभेवर लावून पाहिलं, नाचणीची आंबील घशात घालून पाहिली, देवीला नारळ बोलून पाहिला. बाबा म्हणाले, "आता पुरे कर." आई त्यांच्यावर अशी काही ओरडली, की तसा तिचा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. एका सकाळी गाईनं मान लांब केली आणि गेली. आईनं गाईच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढली, कासेवरून एकदा हात फिरवला, आणि बाहेर येऊन हात धुतले. हात धुवायलाही पाणी जपून घ्यावं लागलं.

कालवडीला अजून काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तिला इथं ठेवू नका. मामाचं गाव महाडच्या पलीकडं, खालच्या सपाटीवर. तिथं नेचा नाही, नदीकाठी गवत आहे. आई आणि मी तिला घेऊन उतरलो. वाटेत माळाच्या कडेला नेच्याचे दोन कोंब पायवाटेवर वाकले होते. कालवडीनं तिकडं तोंड वळवलं. आईनं तिच्या तोंडावर चापट मारली, इतक्या जोरात, की ती बिचारी बिथरून मागं सरली, आणि आई तिथंच मटकन खाली बसली. मी दावं धरून उभी. खालून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांचे आवाज येत होते, गाणी लावलेली होती त्यांत. आम्ही पुन्हा चालायला लागलो. पोलादपूरपासून एका ओळखीच्या टेम्पोनं नेलं.

मामाकडे ती जगली. पुढं व्यालीसुद्धा. आई मात्र तिला बघायला फार गेली नाही.

आम्ही कालवड सोडून परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी कुदळ घेतली आणि वर माळावर गेले. मला वाटलं, कुंपणाचं काही काम असेल. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तर ते नेचा खणत होते. गोठा रिकामा झाला होता. त्या माळावर आता आमचं एकही जनावर चरणार नव्हतं.

"बाबा, आता कशाला?"

"असू दे."

मी दुसरी कुदळ आणली. मला वाटलं होतं, रोपटं उपटावं तसं मूळ वर येईल. ते काळं, दोरखंडासारखं, आडवं गेलेलं. एक ओढलं की ते दुसऱ्याला जाऊन मिळायचं, ते तिसऱ्याला. तुटायचं, आणि तुटलेला तुकडा मातीत राहिला की त्यालाही फुटवा येणार, हे मला मॅडमनी सांगितलं होतं. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खणत राहिले. सबंध दुपार आम्ही दोघं एका घराच्या अंगणाएवढी जागाही साफ करू शकलो नाही. वर बघितलं की माळ आभाळापर्यंत हिरवा.

ते रोज जायचे. काका येऊन कडेला बसायचे, खणायचे नाहीत, बसून बघायचे. सरांनी सांगितलेलं मी त्यांना नंतर सांगितलं होतं. एकदा काकांनी मला विचारलं, "तो टीव्हीतला बेंडूक, त्याला दुसरीकडं नेला तर त्याचं इष जातं म्हनालीस ना?"

"हो. त्याचं खाणं बदललं की जातं."

"नि ह्याचं?"

"याचं नाही जात, काका. हा जिथं जाईल तिथं तसाच."

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ ते बाबांच्या कुदळीकडे बघत बसले.

पावसाची झड लागली, झरा धुऊन निघाला, तरी त्या वर्षी तिथलं पाणी कुणी तोंडाला लावलं नाही. बाबा जिथं खणायचे तिथं आषाढात पुन्हा कोंब आले, आधीपेक्षा दाट. ते त्यांनी पाहिलं त्या दिवशी घरी येऊन कुदळ पडवीत टेकवली आणि आईला म्हणाले, "खाली कापड्याला खोली बघू या का?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"बघा," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी आम्ही उतरलो. बाबा रस्त्याच्या कामावर जायला लागले. काका-काकी वरच राहिले.